लाकडाची गदा आणि आभाळातला समुद्र

आबा, शुक्रवारी पोरीबरोबर, म्हणजे तुमच्या नातीबरोबर, सिनेमाला गेलो होतो. इंग्रजी, पुढच्या काळातला, मारामारीचा. तो कसा होता हे ज्याला सांगावं असं माणूस इथे कुणी नाही. बायको म्हणते, "एवढ्या थंडगार थिएटरात बसून डोकं दुखवून घेतलंत ना, आता आमचं नका दुखवू." पोरीला विचारलं तर म्हणाली, "इट वॉज फाइन, बाबा." आता फाइन म्हणजे काय? ते काय अभिप्राय आहे? तुम्ही जन्मभर दशावतारात राक्षस उभा केलात, समोरच्या राजाशी लाकडाच्या गदेनं लढलात. मी इथे कुवेतमध्ये मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत रिगर आहे, क्रेनला वजनं बांधून देतो. आणि तो सिनेमा सगळा वजनाचाच होता. त्यावर बोलायला लायक अशी आपली दोनच माणसं, आणि त्यातले तुम्ही ही पोर जन्मायच्या कितीतरी आधी गेलात.

गोष्ट अशी आहे. एका कंपनीनं पृथ्वीवरचा समुद्र उचलून आभाळात नेऊन ठेवलाय. वर डोळ्यात न मावणारं भांडं, त्याला धरून ठेवणारे तारेचे दोर, आणि खाली नजर जाईल तिथवर मीठ. तळाला टेकलेल्या जहाजांतून माणसं राहतात आणि कंपनी वरून सोडेल तेवढंच पाणी पितात. कामावरून काढलेले काही कामगार त्यातल्याच एका दोरावरून वर चढतात आणि समुद्र परत खाली आणायला निघतात. काय कल्पना आहे बघा. ज्याला सुचली त्याला मी मानतो. पहिला अर्धा तास तर कुणी फारसं बोलतही नाही. एक मेकॅनिक बाई आहे, ती सकाळी आपल्या जहाजाचं गंजलेलं दार उचलून बाजूला ठेवते. आधी पाय रोवते, मग दाराकडे बघते, श्वास आत घेते आणि मगच हात लावते. दार लोखंडाचं होतं की पुठ्ठ्याचं, देव जाणे, पण माझे खांदे इथे खुर्चीत ताठ झाले. दोराचा आवाजसुद्धा बरोबर. लोकांना वाटतं ताण आला की दोर किंचाळतो. तो किंचाळत नाही. झोपेत कण्हणाऱ्या म्हाताऱ्यासारखा घशातल्या घशात हुं करतो, आणि किंचाळला की मग तिथे उभं राहायचं नसतं. मी पोरीच्या कानात म्हटलं, "हा आवाजवाला साइटवर उभा राहून आलाय." तिनं श्श् केलं. पुढच्या रांगेतल्या अरबी पोरांनीही तोवर फोन काढले नव्हते. इथे नळाचं पाणी समुद्रातूनच गाळून येतं, त्यामुळे असेल कदाचित.

आणि मग मध्यंतरानंतर सगळ्याचं वजन गेलं. माणसं दोरावरून हात सुटून पडतात, खालच्या फळीवर आदळतात आणि केस सारखे करून उठतात. डोंगराएवढी यंत्रं एकमेकांना फेकून मारतात, जणू उशा. एका दृश्यात नायक पाण्याची अख्खी टाकी चार दोरांवर उचलतो, आणि ते दोर हुकापासून इतके फाकवून, इतके आडवे बांधलेत की खऱ्या कामात टाकी जमिनीवरून हलायच्या आधीच तुटले असते. दोर जितका आडवा तितका त्याच्यावरचा ताण जास्त, हे माझ्या हाताखाली आलेल्या नवख्यालासुद्धा दुपारच्या जेवणापर्यंत कळलेलं असतं. दोर निसटू नये म्हणून हुकाला जीभ असते ती नाही, खाली माणसं हिंडतायत, हात दाखवून इशारा करणारा कुणी नाही. मी बोललो तेव्हा पोर हसून म्हणाली, "बाबा, इट्स साय-फाय. फिजिक्स इज ऑप्शनल." मी म्हटलं, समुद्र आभाळात लटकवलात तो मी गुमान मान्य केला ना? मोठं खोटं मी कधीही मान्य करीन. पण त्या मोठ्या खोट्याला टेकू म्हणून बारीकसारीक सगळं खरं लागतं. नायिकेचा भाऊ मरतो आणि तिला रडायला कुणी वेळच देत नाही, लगेच पुढची मारामारी. खलनायक का वाईट आहे हे तो स्वतःच तीनदा समजावून सांगतो आणि तरी कळत नाही. वाजंत्री थांबत नाही. आणि शेवट केलाच नाही, पुढच्या भागासाठी दार किलकिलं ठेवलंय. न्यायानं बोलायचं तर शेवटाकडे एक चांगलं होतं. वरून समुद्र सुटतो तेव्हा पाणी पोचायच्या आधी, नुसत्या दमट वाऱ्यानं, खालचं पांढरं मीठ काळपट होत जातं. हे सुचणारा माणूस साधा नाही. तो बाकीच्या वेळात कुठे गेला होता कोण जाणे.

तुम्ही आयुष्यात एकदाच सिनेमा बघितलात, कणकवलीला, मामांनी ओढून नेलं म्हणून. अर्ध्यातून उठून बाहेर येऊन विडी पेटवलीत. मामा चिडले, तर म्हणालात, "ह्यात कोणच दमणा नाय." तेव्हा मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला काही कळत नाही.

ती अंगणातली दुपार आठवते. मी नऊ-दहा वर्षांचा आहे. तुम्ही जत्रेवरून येऊन झोपून उठलाय, कानाच्या मागे अजून काळा रंग राहिलाय. तुमची गदा वाळत घातलीय ती मी उचलतो आणि एका हातानं गरगर फिरवत भीम झालोय. तुम्ही ओटीवरून बघताय. ओरडाल असं वाटतं, पण तुम्ही आत जाता आणि टोकाला लोखंडी कडं बसवलेलं आईचं मुसळ आणून माझ्या हातात देता. "धर." धरतो. "खाली ठेवू नको." किती वेळ ते माहीत नाही. खांदा जळायला लागतो, गुडघे आपोआप वाकतात, कंबर एका बाजूला जाते, मी तोंडानं श्वास घेतो. मग तुम्ही मुसळ काढून घेता आणि त्याच हातात गदा ठेवता. हलकी, सावरीच्या कापसासारखी. हात वर उडतो. तुम्ही तो दोन बोटांनी खाली दाबता, जिथे मुसळाच्या वेळी होता तिथे. "गदा लाकडाची आसा, ता सगळ्यांका ठावक आसा. हात लाकडाचो नको." आणि मग स्वतः उचलून दाखवता. मनगट आधी खाली जातं, मग थांबतं, मग सगळं अंग त्याच्या मदतीला येतं. "असा." तेवढंच. ह्या गोष्टीला तुमच्याकडे नाव नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. असा.

मला ते आलं नाही. तुम्ही दोन पावसाळे धरून बसलात आणि मग सोडून दिलंत, रागावला नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी मुंबईला गोदीत लागलो, तिथून इथे. शिकवायला कुणी नव्हतं. क्रेनचे तक्ते डिक्शनरी घेऊन वाचले, परीक्षा दिल्या, आज माझ्या सहीशिवाय आमच्या साइटवर मोठं वजन हलत नाही. हे बढाई म्हणून नाही लिहीत. बरं, बढाई म्हणूनच लिहितोय, पण खरं आहे. तरी वजन बांधायच्या आधी मी अजून पाय रोवतो, बघतो, श्वास घेतो. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते तुमचं. आणि गेल्या काही वर्षांत एकच टोचणी लागलीय, की एवढं एक तरी पोरीपर्यंत पोचावं. ती इथेच जन्मली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. तुमचा फोटो भिंतीवर आहे, तोंडाला रंग लावलेला. ती लहान असताना त्याला घाबरायची, आता बघतही नाही. गावात तुमच्या मेळ्यातलं कुणी उरलं नाही. माझ्यापाशी संपलं की संपलं.

म्हणून ती सिनेमावरून आल्यावर म्हणाली, "बाबा, गाडीत जे बोलत होतास ना, ते कॅमेऱ्यासमोर बोल," तेव्हा मी लगेच शर्ट बदलून आलो. ती सिनेमांवर व्हिडिओ करते, बरीच पोरं बघतात. मी जेवणाच्या टेबलाशी बसून बोललो. दोर, हुक, उशा, भाऊ, मीठ, सगळं. ती हसत होती, खरंखुरं हसत होती. मग मी म्हटलं, आता मुद्द्याचं. पाण्याचा मोठा भरलेला बाटला उचलून हातात धरला आणि उभा राहिलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कंबर धरली तर मला बोलावू नका." मी उभाच. हात थरथरायला लागल्यावर बाटला ठेवला आणि फरशी पुसायच्या मॉपची काठी घेतली, गदेसारखी. आणि आबा, हात वर उडाला. मी दाबून खाली आणला, परत उडाला. एवढी वर्षं खरी वजनं उचलवून घेतली, पण नसलेलं वजन मला पेललं नाही. मला ते दिसतं, दुसऱ्यानं चुकवलं तर थिएटरातल्या शेवटच्या रांगेतून दिसतं. करता येत नाही.

पोरीनं कॅमेरा बाजूला केला. खूप दिवसांनी तिनं तुमच्या फोटोकडे बघितलं. "आजोबांना हे यायचं? व्हॉट्स इट कॉल्ड?" मी म्हटलं, नाव असं काही नाही, ते नुसतं असा म्हणायचे. "असा म्हणजे?" असा म्हणजे असा. "बाबा, देअर मस्ट बी अ वर्ड." आणि ती परत फोनकडे बघायला लागली. मला दिसलं की आता ती जाणार. मी म्हटलं, "भारझेल."

"बार जेल?" "भा. भारझेल. भार झेलणं. जुना शब्द आहे."

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी लागला, खाली इंग्रजी ओळी घालून. उशा आहेत, आडवे दोर आहेत, बायकोचं कंबरेचं वाक्यही आहे. मी बाटला धरून उभा होतो ते नाही. विचारलं तर म्हणाली, "यू जस्ट स्टूड देअर, बाबा. नथिंग वॉज हॅपनिंग." काठीचंही काढलं, माझी लाज राखायला, असं ती म्हणाली. त्याजागी तुमचा फोटो, वाजंत्री आणि त्यावर मोठ्या अक्षरात तो शब्द. मध्यंतरानंतरच्या सिनेमासारखंच झालं, वजन तेवढं गेलं. साइटवर आमचा इजिप्तचा क्रेनवाला हातवारे करत आला आणि इथे शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मुअल्लिम, तुम मोबाइल में आया. दोर का बात एकदम सही. ये भारजेल क्या है?" मुअल्लिम म्हणजे उस्ताद. मी त्याला सांगितलं, हमारे फादर का काम था. तो छातीला हात लावून गंभीर झाला.

आणि काल पोर धावत आली. व्हिडिओखाली सावंतवाडीकडच्या कुणा मुलानं लिहिलंय, मराठीत, तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. "अगदी खरं. आमच्या आजोबांच्याही तोंडी हाच शब्द होता, आज कितीतरी वर्षांनी ऐकला." पोरीचे डोळे असे चमकत होते की मी तिला इतकं आनंदात पाहिल्याचं आठवत नाही. त्या मुलाच्या आजोबांनी हा शब्द ऐकलेला नाही, आबा. माझ्या तोंडून निघायच्या आधी तो कुणीच ऐकलेला नव्हता. हे सांगू शकणारा एकच माणूस जिवंत आहे आणि तो वाचून झाल्यावर पोरीला म्हणाला, बघ, सांगत नव्हतो का?

तुमचं जे होतं ते पोचलं नाही. पोचणारही नाही, ते आता मला समजलंय. ते शब्दात नव्हतं आणि माझ्या हातातही नाही. पोचला तो एक शब्द, तुमच्या नावावर, जो तुमच्या तोंडी कधी नव्हता. हे पत्र तुम्हाला पोचायचा प्रश्नच नाही, आणि पोरीला मराठी वाचता येत नाही, म्हणून एवढं तरी लिहिता येतंय.

ती पुढचा व्हिडिओ करणार आहे, सगळा तुमच्यावर. विचारत होती, आजोबांचे असे आणखी शब्द असतील ना. मी आठवून सांगतो म्हटलं. आज क्रेनखाली उभ्या उभ्या दोन जुळवून ठेवलेत.