फॉरमॅट करणार नाही, दादा

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नव्हती. रागच होता. आज लिहितेय, कारण काल तुझी ती काळी हार्ड डिस्क उघडली. हो, तीच, जिच्यावर तू ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवली होतीस. लावला हात! बोल, काय करशील?

वहिनीनं तुझा मॅक कॉम्प्युटर विकला, तेव्हा डिस्क तेवढी मी सांगलीला आणली. तू केलेलं सगळ्या लग्नांचं शूटिंग तिच्यात. पाठवणीआधी तू नवरीच्या वडिलांना खुर्चीत बसवायचास आणि म्हणायचास, “एक मिनिट लेकीशी बोला.” माझ्या लग्नात आप्पांनाही बसवलंस. पण ते मिनिट मला कधी दिलंस? “एडिट करून देतो गं,” म्हणत बारा वर्षं लोटली. आधी आप्पा गेले, मग तू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरच्या विंडोजच्या कॉम्प्युटरला डिस्क लावली, तर पडद्यावर सूचना आली: वापरण्याआधी फॉरमॅट करा. माझ्या धाकट्या दिरांचा हात माऊसवरच होता. “वैनी, हो म्हणायचं, मग उघडतंय.” मी हात धरून बाजूला केला. उघडलं असतं रे, पण रिकामं!

दुरुस्तीवाला म्हणाला, “डेटा गेला समजा, ताई. नवी घ्या.” मी म्हटलं, “गेलेली माणसं मी बघितलीत. हे गेलेलं नाही.” आणि डिस्क पिशवीत घालून निघाले.

दादा, एक विचारू? तुझ्या मोटरसायकलला तू कुणाला हात लावू दिला नाहीस, ते ठीक. पण डिस्कही अशी फॉरमॅट करून ठेवायची, की फक्त मॅकलाच कळावी? चिठ्ठीवर ‘मॅकलाच लावा’ लिहिलं असतंस, तर शाई संपली असती का?

शेवटी इथल्या शाळेतल्या चित्रकलेच्या मॅडमचा मॅक मागून आणला. जोडला, आणि सगळी लग्नं समोर आली, गावांच्या नावांनी. माझ्या लग्नाचं उंब्रज उघडलं.

आप्पा खुर्चीत. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, तिथंही सावधानच. मग म्हणाले, “बंद कर रं ते.”

आणि कॅमेऱ्यामागून तुझा आवाज आला. “न्हाई करत, आप्पा. बोला.”

आप्पांनी तुझ्याकडे रागानं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “शैले, कवाबी ये. इचारून येऊ नगंस.”

मी मोठ्यानं रडले. तू कुठंच दिसत नाहीस, दादा! एवढ्या लग्नांत नुसता आवाज. स्वतःला एकदा तरी खुर्चीत बसवायचं होतंस.

आता ऐक. नवी डिस्क घेतलीय. ती रिकामी असतानाच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, म्हणजे मॅकवरही उघडेल आणि विंडोजवरही. तुझी डिस्क तशीच आहे, चिठ्ठीसकट. सगळं नवीत उतरवतेय. वहिनी म्हणते, “आता कशाला उकरतीस?” उकरणारच. उंब्रजपासून कडेगावपर्यंत ज्या ज्या लेकीचं मिनिट यात आहे, तिच्या हातात ते नेऊन देईन. वाटेत बंद कर म्हणणारे भेटतीलच. त्यांना तुझंच उत्तर देईन: न्हाई करत.

तुझी, न विचारता हात लावणारी,
शैला