काचसामान, जपून

२ जानेवारी
भिंगरीचा हात मोडला. आठ वर्षांची पोर आणि हे तिसरं प्लास्टर. या वेळी तर नुसती पलंगावरून उतरत होती. स्कॅन झाला. हाडांची घनता वयाच्या मानाने कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका. औषध, दूध, ऊन, आणि हात जुळला की भरपूर धावू द्या, उड्या मारू द्या, भार पडला की हाड भरतं. बाई तरुण आहेत. अनुभव कमी.
मी काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग सुपरवायझर. माझ्या हाताखालून गेलेला एक पेला आजवर फुटलेला नाही. नाजूक माल कसा सांभाळायचा, हे मला कुणी शिकवू नये.

१० जानेवारी
कामाला लागलो. टेबलांच्या कोपऱ्यांना फोम. जमिनीवरही फोम. पलंगाचे पाय कापले. ही म्हणाली, आता जमिनीवरच झोपतोय की आपण. म्हटलं, पडायला उंचीच उरली नाही, याला प्लॅनिंग म्हणतात.

१९ फेब्रुवारी
प्लास्टर निघालं. बाईंचं पुन्हा तेच पालुपद, पळू द्या. माझं मत: आधी हाडं भक्कम होऊ देत, मग पळापळ. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नये. हिने कपाळाला हात लावला. पटलं असावं.

७ एप्रिल
शाळेला सांगून टाकलं, पी.टी. बंद, मधली सुट्टी वर्गातच. गॅलरीच्या दाराला उंचावर कडी. ऊन खिडकीतून येतं तेवढं पुरे. काचेबद्दल मला कोण सांगणार!
दुधाला भिंगरी तोंड फिरवते. मी समोर बसून पिऊन दाखवतो, प्रेरणा म्हणून. शेवटी तिचाही पेला मीच संपवतो. वाया कशाला घालवायचं?

२२ जुलै
भिंगरी खिडकीशी. खाली पोरी दोरीवरच्या उड्या मारतात, ही बोटांनी काचेवर ताल धरते. घरभर गरगरायची म्हणून नाव भिंगरी पडलं. आता बस म्हटलं की बसते. उठायचं तर आधी माझ्याकडे बघते. किती शहाणी झाली!
भिंगरीची आई माझ्याशी बोलत नाही.
खरं लिहायचं तर, पलंगावरून उतरताना झालेला तो बारीक आवाज मी ऐकला होता. तडा गेल्याचा आवाज मला खोलीपलीकडून कळतो. तो पुन्हा ऐकायची हिंमत नाही माझ्यात. बाकी काही नाही. उद्यापासून दूध दोन्ही वेळा.

५ जानेवारी, दुपार
वर्षाने स्कॅन. वयाच्या मानाने आणखी मागे. बाईंनी विचारलं, दिवसभर काय करते? हिने सगळं सांगितलं. फोमसकट. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. बाई म्हणाल्या, काचेतून उजेड येतो, पण त्याने अंगात डी व्हिटॅमिन तयार होत नाही. उद्यापासून दोरीवरच्या उड्या.
मशीन जुनं दिसतं.

तोच दिवस, संध्याकाळ
हिने फर्मान काढलं, गॅलरीची कडी आत्ताच्या आत्ता काढा. स्टुलावर चढलो. खालचा फोम सरकला. घोटा मुरगळला. एक्स-रेवाला म्हणाला, हाड शाबूत आहे, दणकट हाडं आहेत साहेब, दूध भरपूर घेता वाटतं. ही माझ्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे.
पंधरा दिवस पाय टेकायचा नाही.

६ जानेवारी
अंथरुणात. पलंग इतका खाली की आपलं आपल्याला उठता येत नाही. भिंगरीने कारखान्यातलं लाल लेबल आणून माझ्या पट्टीवर चिकटवलं: काचसामान, जपून. मग दोरी घेऊन खाली पळाली. माझ्याकडे न बघता.
खिडकी उघडी आहे. दोरीचा आवाज येतोय. मधेच थांबतो, मी कान टवकारतो. पुन्हा सुरू होतो. तो दुसरा आवाज अजून आलेला नाही.
हिला म्हटलं, जरा हात दे, खिडकीपर्यंत ने, एकदाच बघतो. म्हणाली, आधी पाय भक्कम होऊ दे, मग खिडकी.
आणि स्वतः गॅलरीत जाऊन बघत उभी राहिली.