वहीतलं ‘की’चं पान

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. अजूनही घराबाहेर पडताना माझा हात खिशात जातो आणि बोटं एक बारकी पितळी किल्ली शोधतात. ती तिथे नसते. तरी मी चाचपतो, आणि मागून तुमचा आवाज येतो, "काय कवी, निघालात?" मी वळून बघत नाही. आता सवयीचं झालंय.

नववीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर ‘की’ हा तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द लिहिलात आणि अर्थ विचारलात. आम्ही सगळे एकदम "किल्ली" म्हणून ओरडलो. तुम्ही खडू ठेवलात, हार्मोनियम टेबलावर घेतलीत आणि एक पट्टी दाबलीत. म्हणालात, हीसुद्धा की. मग काळी दोनमध्ये मराठीच्या पुस्तकातली कविता म्हणायला लागलात आणि अर्ध्यावर थांबून सांगितलंत की ज्या सुरात मी म्हणतोय, त्यालाही इंग्रज की म्हणतो. नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची चौकट, पेपर तपासणाऱ्याकडची उत्तरांची यादी, तारमास्तर ज्यावर कट्ट-कड करतो ते यंत्र, सगळी कीच. बाहेर खाडीवरचा वारा होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की एका एवढ्याशा शब्दात इतकी माणसं राहतात. त्या संध्याकाळी मी पहिली कविता लिहिली. तुम्ही ती शाळेच्या भित्तिपत्रकावर लावलीत, आणि तेव्हापासून तुम्ही मला नावाने हाक मारली नाहीत.

तुमची ती कापडी पुठ्ठ्याची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. एका पानावर एक शब्द. शाळा सोडून जो ज्या धंद्यात जाईल त्याने आपल्या धंद्यातला अर्थ कार्डाने कळवायचा, हा तुमचा दंडक. मी आयटीआय करून फिटर झालो तेव्हा कळवलं की आमच्यात की म्हणजे शाफ्ट आणि पुली यांच्यामध्ये ठोकून बसवायचा पोलादाचा तुकडा. तो नसला तर शाफ्ट एकटाच फिरतो आणि पुली जागेवर राहते. तुम्ही खूश झालात. म्हणून पुढच्या कार्डात मी डिक्शनरीतून एक अर्थ उचलून पाठवला, समुद्रातलं प्रवाळाचं बुटकं बेट. लाल शाईत उत्तर आलं, "हा अर्थ तुझ्या हाताला लागलाय का? नसेल तर वहीत घेणार नाही." पुढे कित्येक वर्षांनी सौदीत यान्बूला नोकरीला असताना एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, सोबतच्या कामगारांबरोबर होडीतून गेलो, तांबड्या समुद्रात तसल्याच एका बेटावर घोटाभर पाण्यात उभा राहिलो, पायाचा तळवा कापून घेतला आणि मग तुम्हाला लिहिलं. तेव्हा कुठे तुम्ही तो अर्थ वहीत घेतलात.

आणि तरीही, सर, कवितेच्या बाबतीत मी तुम्हाला थाप मारली. यान्बूच्या रिफायनरीत गेल्यापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी तुम्ही विचारायचात, कविता काय म्हणते? तिथे बारा-बारा तासांची ड्यूटी, कॅम्पच्या खोलीत चार खाटा, एसीची घरघर. लिहायला बसलं की घाम आणि ग्रीस यापलीकडे काही सुचायचं नाही. एकदा लाजेपोटी लिहून टाकलं, वही भरत आलीय. झालं. तुम्ही साऱ्या गावाला सांगत सुटलात की आमचा कवी तिकडे वाळवंटात बसून वही भरतोय.

दोन हजार चार की पाच असेल. काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अरे, ह्यांना आता अजिबात दिसत नाही. खाणंही सुटलंय. कवीची वही त्याच्या तोंडून ऐकायचीय, एवढंच धरून बसलेत. ये तू." मी रजा टाकली. जेद्दाला बलदच्या जुन्या बाजारात जाऊन हिरव्या पुठ्ठ्याची एक वही विकत घेतली, की निघेपर्यंतच्या आठ दिवसांत दहा-बारा कविता तरी होतील. आठही दिवस उघडली. बॅगेत ठेवली तेव्हा ती दुकानातून आणली होती तशीच कोरी होती.

आमच्याकडे पंप उघडायचा असला की ज्याचा हात आत जाणार तो आपलं स्वतःचं लाल कुलूप मोटरच्या स्विचला लावतो. फोटोचं कार्ड अडकवतो आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतो, म्हणजे हात आत असताना कोणी पंप सुरू करू शकत नाही. ते कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. निघायच्या दिवशी सकाळी मी माझा पंप जोडून संपवला आणि कुलूप काढायचं विसरून गाडीत बसलो. साडेतीन तासांनी जेद्दाच्या विमानतळावर रांगेत उभा असताना खिशात हात घातला आणि बोटांना ती लागली.

मी फोरमनला फोन केला. मग काकूंना केला. म्हटलं, कुलपाची किल्ली माझ्याकडे राहिलीय, ज्याचं त्यानेच काढायचं असा नियम आहे, परत जावंच लागणार. त्या म्हणाल्या, "कामाचं आधी बघ बाबा. थांबतील ते." ड्रायव्हर अजून बाहेर चहा पीत होता. मला बॅगेसकट परत आलेला पाहून त्याने कप ठेवला, "यल्ला, चला" म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मी कुलूप काढतो. स्विच दाबला जातो आणि पंप हुंकार देत फिरायला लागतो. सर, काळी दोन. शपथेवर सांगतो. मी तिथेच मोटरवर हात ठेवून उभा राहतो.

पुढचं तिकीट दहा दिवसांनी मिळालं. तुम्ही सहाव्या दिवशी गेलात. मी पोचलो तेव्हा तुमच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती, हार्मोनियम पेटीतून काढून पुसून ठेवलेली होती. काकूंनी सांगितलं, मी वाचल्यावर त्यातल्या एखाद्या कवितेला तुम्ही चाल लावणार होतात. मग त्यांनी तुमची वही पुढे केली. ‘की’च्या पानावर तुमच्या तिरप्या अक्षरांखाली शेवटची नोंद काकूंच्या हातची. माझा फोन ठेवल्यावर तुम्ही त्यांना उशाशी बसवून लिहायला सांगितलेली. ‘की, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं असल्या कुलपाची. कळवणारा कवी, यान्बू. हाताला लागलेला अर्थ.’

काकू म्हणाल्या, "मी म्हटलं, असा कसला नियम? तर म्हणाले, कवी खोटं कळवायचा नाही."

सर, नियम खरा आहे. पण त्याला पुढे आणखी एक कलम आहे, ते मी काकूंना सांगितलं नाही. माणूस साइटवर नसेल तर त्याच्याशी फोनवर बोलून, सही करून, साहेब ते कुलूप कापतात. त्या दिवशी फोरमन मला फोनवर हसून म्हणाला होता, "चाचा, तुम जाओ. ताला मैं कटवा दूँगा." रांगेत माझ्या पुढे तीनच माणसं उरली होती. मी त्याला म्हटलं, नको, मी येतो. मला तुमच्या समोर बसून कोरी पानं उलटायची नव्हती. तुम्हाला दिसत नव्हतं, मी तोंडाला येईल ते म्हणू शकलो असतो, तेही मनात आलं होतं.

काकूही गेल्या. तुमची वही आता माझ्याकडे आहे. त्या नोंदीवर काट मारायला दोनदा पेन उघडलं, पण अक्षर काकूंचं आहे.

हे पत्र मी बलदमधल्या त्या हिरव्या वहीत लिहितोय. पहिल्या पानापासून. पाठवायचं म्हटलं तर पानं फाडावी लागतील, आणि या वहीत आजवर तेवढंच काय ते लिहून झालंय.