स्वयंपाकघराची वेगळी संमती

आबा,

तुम्ही न्हावऱ्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचात आणि घरातही संसद चालवायचात. ओसरीवर तुम्ही, दोन्ही काका, दादा; स्वयंपाकघरात आई, काकू आणि मी. गाय घ्यायची असो की कांदा विकायचा, आधी ओसरीवर ठरायचं, मग आत विचारायचात. आतून नकार आला की तुम्ही हसत म्हणायचात, "दोन सभागृहांचं जमंना. संयुक्त बैठक घ्या." आम्ही पदर सावरत उंबऱ्याशी येऊन बसायचो, हात वर व्हायचे आणि ओसरीची डोकी जास्त म्हणून ओसरीच जिंकायची. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

मग बारावीनंतर यवतचं स्थळ आलं. मला दौंडच्या कॉलेजात जायचंय, आई आणि काकू माझ्या बाजूनं आहेत, आणि तुम्ही ओसरीवरून हात मोजताय. मी बोलायला लागले तर म्हणालात, "बहुमत झालं. आता तोंड बंद." त्या वाक्याचा राग मला आजही येतो. लग्नानंतर बाहेरून बी.ए. करताना वाचलं, की साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहं अडली तर संयुक्त बैठक घेता येते, पण घटनादुरुस्तीला ती नाहीच. तिथं प्रत्येक सभागृहाची वेगळी संमती लागते. हे तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत होतात, आबा. तरी गाईला आणि माझ्या आयुष्याला एकच नियम लावलात.

गेल्या रविवारी दादानं मला माहेरी निमोण्याला बोलावलं. त्याच्या मुलीला शिरूरला बी.एस्सी. पुरी करायची आहे, त्याला एमआयडीसीतला जावई दिसतोय. तुमच्या जागी बसून तो म्हणाला, "आत पटत न्हाई म्हंजी संयुक्त बैठक. समद्या जणी भायेर या."

मी वहिनीचा हात धरून आतच बसले. तिथूनच सांगितलं, "पोरीचं आयुष्य म्हंजी घटनादुरुस्ती हाय, दादा. त्याला एकत्र बसत न्हाईत. आमचं सभागृह न्हाई म्हणतंय, विषय संपला."

एरवी न बोलणारी वहिनी म्हणाली, "च्या मिळंल. होकार मिळायचा न्हाई."

दादानं उंबऱ्यातून आत पाहिलं; आम्ही कुणी उठलो नव्हतो. मग त्यानं पाहुण्यांना फोन करून नकार कळवला.

"आत्या, हे तुला कुणी शिकवलं?" भाचीनं विचारलं. मी म्हणाले, वाचलं कुठंतरी. तुमचं नाव मी सांगितलं नाही आणि हे पत्र तुमच्या फोटोपुढंही वाचणार नाही. माफ तर केलेलंच नाही. पण आत बसून बोलताना तुम्ही ओसरीवर असायला हवे होतात असं वाटलं. माझ्या उत्तराला पूर्ण मार्क दिले असतेत का, एवढंच विचारायचं होतं.