कागदाआधीचे पेढे

भिवंडी, श्रावणी सोमवार, १९७४

कागद व्हायच्या आधी कोणी पेढे आणतं का? संध्याकाळपासून हेच डोक्यात.

परदेशी कंपनीचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. कारखान्याला मानकोलीची शेतजमीन हवी. पण कायद्याने ती शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणून पैसा कंपनीचा, शेतकरी म्हणून नाव ह्यांचं.

"वहिनी, नाव फक्त कागदावर. घाबरता कशाला?"

उद्या सरकारने धरलं तर बेड्या कोणाला, कंपनीला? आणि हे तर पेन उघडून बसलेले!

मी महादेवावरचं बेलपान नि चिमूटभर हळद त्या माणसापुढे ठेवली. म्हटलं, "भाऊ, बेलभंडार उचला नि सांगा, ह्यांना काही होणार नाही."

तो हसला. "अहो, कंपनी असलं काही मानत नाही."

"कंपनी नको. तुम्ही उचला."

त्याचा हात पुढे आला, आणि रुमाल काढायला खिशात गेला.

ह्यांनी ते पाहिलं. पेनाला टोपण लावलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "पाहुण्याची लाज काढलीस." पण पेढे परत द्यायला उद्या स्वतःच जाणार म्हणे.

साखर एवढी महाग, तरी पुड्याची दोरी सोडली नाही. पुडा देवापुढेही ठेवला नाही. असले पेढे त्याला तरी कसे दाखवू?