बांधाखालचं पाणी

४ मे, सोमवार
आणि वरून मलेच म्हणते, वहिनी, तापू नका. तापू नको तं काय करू? माझ्या विहिरीपासून चार पावलांवर चुन्याची फुली मारून ठेवली सुधाकरनं. रविवारी बोअरची गाडी येते म्हणे, जाम गावी जाऊन गाडीवाल्याले सांगूनही आला. सख्खा दीर, शेताले शेत लागून, अन् मले फुली पाहून कळते! विहीर आताच तळाले लागली. तिच्यावरच माझी वांगी, चवळी. ती आटली तर हिंगणघाटच्या बाजारात काय माती नेऊ?

५ मे, मंगळवार
आशूले धरलं. सुधाकरचीच पोरगी, सुट्टीवर आली. तेलाच्या कंपनीत संपत आलेल्या विहिरींचं गणित करते. खाली किती उरलं, कुठून कुठं सरकते, किती वर्षं पुरन.
मी म्हणलं, खाली तेलाचं तळं असन. हसली.
"तळं नाही मोठी माय, दगड. त्याच्या बारीक भोकांत भरलेलं. इकडून ओढलं की तिकडचा जोर कमी होतो."
"पाण्याचंही तसंच?"
"गणित तेच. आपला दगड वेगळा, भेगांचा."
मंग सांग म्हणलं, नव्या बोअरनं माझी विहीर राहते का जाते. तर म्हणे, आधी पाहावं लागते.

६ मे, बुध.
पाहिलं. सुधाकरची जुनी बोअर सकाळपासून चालू, माझी मोटर बंद. आशूनं विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलं, दुपारी परत. वीतभर खाली.
सुधाकर म्हणे, "ऊन पाहा ना किती!"
"उन्हानं एका दुपारात वीतभर पेलं का, भाऊजी?"
आशू कॉम्प्युटर उघडून बसली.

७ मे, गुरु.
चित्रं दाखवली तिनं. निळी, पिवळी, लाल. एकात माझी विहीर राहते. एकात उन्हाळ्यापुरती जाते. तिसरं पटकन बंद केलं. तिन्ही खरी असू शकतात म्हणे, खालची भेग कोणी पाहिली नाई.
तेही खरंच. जे कोणालेच दिसत नाई त्याच्यावर बोलायचं, हेच तिचं काम. कसं करत असन पोरगी...
तरी विचारलंच, "तिथं साहेबाले असंच तीन-तीन सांगते?"
"तिथं शेवटी एक सांगावंच लागते."
"मंग मले काऊन नाई?"
"तिथं बाबा नसतात ना, मोठी माय."
जेवली नाई नीट.

८ मे, शुक्र.
सुधाकर आला, रविवारी नारळ तुम्हीच फोडा म्हणे, घरातल्या मोठ्या तुम्ही. मी हो म्हणलं नाई, नाईही म्हणलं नाई. सरळ आशूकडं गेली. म्हणलं, विहीर राहते म्हणशीन तर नारळ मी फोडीन. जाते म्हणशीन तर गाडी बांधाले लागू देणार नाई. बापाशी मी भांडीन, तुझं नाव निघणार नाई. पण तीन चित्रं नको. एक सांग. उद्या शनिवार, दिवेलागणीच्या आत.