स्वतःवर एका हंगामाची बंदी मिळणेबाबत

प्रति,
मा. डॉ. सुहासिनी बर्वे,
अध्यक्ष, क्रीडा समिती,
सह्यमित्र मराठी मंडळ,
पार्सिपनी, न्यू जर्सी.

विषय : अर्जदाराने डोक्याने दिलेल्या धडकेची कबुली, तसेच श्री. परीक्षित देवतळे यांना शनिवारच्या अंतिम सामन्यात न खेळवणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचाच तक्रार अर्ज, दि. १६ सप्टेंबर २०२४.

महोदया,

१. अर्जदार सुमंत दाभोळकर हा मंडळाच्या हौशी अमेरिकन फुटबॉलमध्ये सहा वर्षे निळ्या संघाचा कप्तान आहे. गेल्या वर्षी नागपूरचे श्री. देवतळे लाल संघात आले. चेंडू घेऊन पळणाऱ्याला ते मान ताठ ठेवून, खांद्याने असे आडवे करत की कडेला बसलेल्या काकू हातातला चहा विसरून उभ्या राहत. अर्जदाराची पत्नी उर्वी त्यांचे व्हिडिओ काढून पुण्याला माहेरी पाठवू लागली. अर्जदाराची नऊ वर्षांची मुलगी इशिता एकदा गाडीत म्हणाली, "बाबा, परीक्षितकाका टॅकल करतो. यू जस्ट फॉल."

२. दुसऱ्याच दिवशी अर्जदाराने, श्री. देवतळे डोक्यावर मारतात, अशी संदर्भीय तक्रार केली. मेंदूच्या दुखापतींवरील सहा पाने माहिती जोडली. माहिती खरी होती, हेतू खोटा होता. श्री. देवतळे यांनी कोणाच्याही डोक्याला कधी धक्का लावलेला नव्हता. समितीने 'डोक्याने धडक दिल्यास एक हंगाम बंदी' असा नियम केला आणि त्याला अनुमोदन दिले ते श्री. देवतळे यांनीच. सभेत त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. अर्जदाराने वाजवल्या नाहीत.

३. दि. २ नोव्हेंबरच्या सामन्यात श्री. देवतळे चेंडू घेऊन कडेने पळत असता उर्वी ओरडली, "परीक्षित, पळ!" ती लाल संघासाठी ओरडली, एवढेच अर्जदाराच्या कानात राहिले. श्री. देवतळे यांची नजर दुसरीकडे होती. अर्जदाराने मान खाली घातली आणि आपले हेल्मेट त्यांच्या कानशिलावर आदळले. पंच रवींद्रकाका पलीकडच्या बाजूला असल्याने त्यांना ते दिसले नाही. श्री. देवतळे उठले, पण आपल्या संघाकडे न जाता निळ्या संघाच्या घोळक्यात येऊन उभे राहिले. पंचांनी विचारले तेव्हा म्हणाले, "काही नाही काका, माझाच पाय घसरला."

४. अर्जदारानेच त्यांना घरी सोडले. ज्या रस्त्यावर ते वर्षभर राहतात, त्याचे नाव त्यांनी वाटेत तीनदा विचारले. उतरताना म्हणाले, "यार, फायनल आहे. डोकं दुखतंय ते कुणाला सांगू नकोस." तीन दिवसांनी अर्जदार डबा घेऊन गेला, तर ते भर दुपारी पडदे ओढून, काळा चष्मा लावून बसलेले. म्हणाले, "तू मुद्दाम नाही मारलंस, मला माहितीये." अर्जदाराने डबा टेबलावर ठेवला आणि 'जपून राहा' म्हणून निघून आला. जिन्यात त्याला त्यांचा हेवाच वाटला, की याला समोरचा माणूस वाईट असेल असे सुचतसुद्धा नाही.

५. काल अंतिम सामन्याची यादी आली. तीत श्री. देवतळे लाल संघाचे कप्तान आहेत. ते वाचून अर्जदाराला प्रथम जे वाटले, ती काळजी नव्हती. काळजी नंतर आली. आपण स्वतः डॉक्टर आहात. अशा डोक्यावर दुसरा मार बसला तर काय होऊ शकते, हे अर्जदाराने सांगायला नको.

६. तरी विनंती की अर्जदारावर त्याच्याच नियमान्वये एका हंगामाची बंदी घालावी, आणि डॉक्टरांचे लेखी पत्र येईपर्यंत श्री. देवतळे यांना मैदानात पाऊल ठेवू देऊ नये. सुमंत पुन्हा जळला, म्हणून असे लिहितो, असे सर्व म्हणतील. तो जळतो, हे खरे आहे. तरीही त्यांना खेळवू नये. सुहासिनीमावशी, एवढे ऐका.

७. हा अर्ज आज सकाळी उर्वीला वाचायला दिला. तिने बराच वेळ वाचला. परिच्छेद तीनमध्ये 'अनवधानाने' असा एक शब्द होता, तेवढा तिने पेनाने खोडला आणि कागद परत दिला. आता अर्जदार हा कागद आधी श्री. देवतळे यांच्या दारात स्वतः वाचून दाखवील आणि मगच आपल्याकडे आणून देईल.

शिक्षेस पात्र व आपला नम्र,
सुमंत दाभोळकर
दि. १३ नोव्हेंबर २०२४

सोबत : निळ्या संघाच्या कप्तानपदाचा राजीनामा.